न घेतलेला वजीर

माझ्या नातीला आठव्या वाढदिवसाला कुणीतरी खेळाचा एक खोका दिला. खोक्यावर चित्र होतं: आई, बाबा आणि दोन मुलं पटाभोवती बसलेली, चौघांचेही बत्तीसच्या बत्तीस दात दिसताहेत. माझा मुलगा घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर राहतो. तिथे रविवारी दुपारी आम्हीही तसेच पटाभोवती बसलो. मी नातीला एकदा हरवलं, दुसऱ्यांदा हरवलं, तिसऱ्यांदाही हरवलं. मग तिनं भोकाड पसरलं. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, एकदा हरला असतात तर काय बिघडलं असतं?"

मी तिला उत्तर दिलं नाही. तिला वाटलं, म्हातारी खडूस आहे. आहेच. पण एकदा हरल्यानं काय बिघडतं हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून लिहायला घेतलं. खेळानं घरातली माणसं जवळ येतात असं हल्ली जो तो सांगतो. येत असतील. माझ्या सासऱ्यांच्या आणि माझ्यामध्ये हातभर रुंदीचा एक पट होता. दोन वर्षं आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलो, आणि तेवढं हातभर अंतर काही आम्हाला ओलांडता आलं नाही.

बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं. ठाण्याला तलावपाळीच्या मागे एका आळीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. वडील कचेरीत कारकून. त्यांना ना पानाचं व्यसन, ना गप्पांचं. कचेरीतून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की ते पट अंथरायचे. पट म्हणजे आईनं जुन्या पासोडीच्या तुकड्यावर दोऱ्यानं चौसष्ट घरं पाडून दिली होती तो. मोहरी लाकडाची, एक बाजू तांबडी आणि एक हिरवी, रंग ठिकठिकाणी उडालेला. एका हिरव्या हत्तीचं डोकं मी रांगत असताना कुरतडलं होतं म्हणे. भाऊ विटी-दांडू घेऊन पळायचा, त्याला बसून खेळायचा कंटाळा. मग राहिले मी.

आठव्या वर्षी त्यांनी मला समोर बसवलं आणि पुढची तीन वर्षं सलग हरवलं. दया नाही, माया नाही. मोहऱ्याला हात लावला की ते चालवायचंच, चाल परत नाही. मी रडले की म्हणायचे, "रडून झालं की मोहरी मांड." एकदा आई त्यांना म्हणाली, "अहो, पोरीला एखादा डाव द्यावा की." तर म्हणाले, "खोटा डाव देणं म्हणजे माणसाला उष्टं वाढणं. मी माझ्या पोरीला उष्टं वाढणार नाही."

अकराव्या वर्षी मी त्यांच्यावर पहिल्यांदा मात केली. ते पाच-दहा मिनिटं पटाकडे बघत बसले, राजाला कुठून वाट आहे का ते पुन्हा पुन्हा तपासलं. मग उठले, शेजारच्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज हिनं मला हरवलं बरं का." एवढंच. पण तसं कौतुक मला पुढं जन्मात कुणी केलं नाही.

असा हा माणूस, खोटा डाव न खपणारा. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या आयुष्यातला पहिला खोटा डाव मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच पटावर, त्यांच्याच सांगण्यावरून खेळले.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, आणि मुलगी एकोणिसाची झाली की आईबापांच्या घशाखाली घास उतरायचा नाही असे ते दिवस. कल्याणहून एक स्थळ आलं. मुलगा मुंबईत नोकरीला, त्याचे वडील कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. बघायला आले तेव्हा मी पोहे केले, विणकाम दाखवलं, खाली मान घालून बसले. शिरस्तेदारांचं पोह्यांकडेही लक्ष नव्हतं आणि विणकामाकडेही. त्यांची नजर कोनाड्यातल्या मोहऱ्यांच्या डब्यावर.

"बुद्धिबळ कोण खेळतं इथे?" त्यांनी विचारलं.

"मी," वडील म्हणाले. "आणि ही."

"ही? मग होऊन जाऊ दे की एक डाव."

मुलाची आई गोंधळली, माझी आई गोंधळली, पण मुलाकडच्यांनी मागितलं म्हटल्यावर पट अंथरला गेला. साडी सावरत मी बसले. मला आत कुठेतरी आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू? विणकामापेक्षा हे बरं. पंधरा-सोळा चालींनंतर मला दिसलं की शिरस्तेदारांचा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत अडकलाय आणि आणखी चार चालींत मात आहे. मी मान वर केली. वडील पाहुण्यांच्या पाठीमागे उभे होते. त्यांनाही ते दिसलं होतं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा हलवली, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले.

मी माझा उंट त्यांच्या हत्तीच्या वाटेत सोडून दिला. त्यानंतर दहा चालींत हरले. शिरस्तेदार खूश झाले. "खेळते बरी," म्हणाले, "शिकेल." लग्न ठरलं.

वडील त्या डावाबद्दल माझ्याशी कधी चकार शब्द बोलले नाहीत. लग्नाला तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत त्यांनी एकदाही पट काढला नाही. डबा कोनाड्यात धूळ खात पडला. पाठवणीच्या दिवशी आईनं तो पटासकट माझ्या ट्रंकेत घातला.

कल्याणला घरात चौघंच: सासरे, ज्यांना आम्ही तेव्हा मामंजी म्हणायचो, सासूबाई, हे आणि मी. हे सकाळी डबा घेऊन निघत ते दिवेलागणीनंतर परत. आले की जेवण, वर्तमानपत्र, झोप. वाईट नव्हते, फक्त नव्हतेच. दिवसभर स्वयंपाकघरात सासूबाई आणि बाहेर मामंजी.

मामंजींनी सगळी उमर दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद सांभाळले होते, पण स्वतःच्या घरात हो किंवा नाही म्हणायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. सासूबाई एक म्हणायच्या, हे दुसरं म्हणायचे, आणि मामंजी तपकिरीची डबी काढून झाकणावर बोट आपटत म्हणायचे, "पटावर ठरवू." मी येण्याआधी ते शेजारच्या वकिलांशी डाव टाकून घरातले निकाल लावत. विहिरीला रहाट कुठल्या बाजूनं बसवायचा, हेसुद्धा म्हणे एका डावावर ठरलं होतं. वकील जिंकले आणि रहाट उलट्या बाजूला बसला. पाणी ओढताना ऊन तोंडावर यायचं. ते ऊन सासूबाईंनी वीस वर्षं सोसलं होतं आणि त्यानंतर मी.

आता घरातच खेळणारी सून आली. मला काही हवं असलं की पट अंथरला जाई.

पहिल्या श्रावणात मला नागपंचमीला माहेरी जायचं होतं. "पटावर ठरवू," मामंजी म्हणाले. मी सरळ खेळले आणि सरळ जिंकले. "जा की," ते म्हणाले, "जिंकलीस म्हणजे प्रश्नच मिटला." निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कसंसंच व्हायला लागलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "त्यांना बरं नाही आणि तू निघालीस?" मी ट्रंक पुन्हा पलंगाखाली सारली. दुपारी मामंजींनी आमटी-भात दोनदा मागून घेतला.

त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सासूबाई मला म्हणाल्या, "पुरुषाला जिंकून त्याच्याकडे काही मागू नये. हरून मागावं. त्याला द्यायला बरं वाटतं." रेशनच्या त्या तांदळात निम्मे खडेच असायचे. मी खडे वेचत राहिले, पण मला इतका राग आला होता की मधूनच तांदूळच फेकत होते.

पुढच्या वेळी, गणपती झाल्यावर, मी पुन्हा माहेरचं काढलं. पुन्हा पट. या वेळी मी घोडा एक चाल उशिरा हलवला आणि हरले. मामंजींनी चुटकीभर तपकीर ओढली, उपरण्यानं नाक पुसलं आणि म्हणाले, "हरलीस. पण जा हो चार दिवस. आम्ही काही राक्षस नाही." स्वतः नाक्यावर जाऊन टांगा घेऊन आले. ट्रंक उचलून टांग्यात ठेवली.

मग काय, मी शहाणी झाले. दोन वर्षं हरले. वाचनालयातून पुस्तकं आणायला हरले, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जायला हरले, परसात चार फुलझाडं लावायला हरले. दर वेळी तेच: "हरलीस. पण…" त्या 'पण'वर माझा संसार चालला होता. मी हरण्यात इतकी तयार झाले की सांगायची सोय नाही. मोहरं उघडं टाकून हरणं कुणालाही येतं. मी चांगली बांधणी करायची, त्यांना घाम फोडायची, मग एका कोपऱ्यात बारीकशी फट ठेवायची, आणि ती त्यांना सापडेल अशा बेतानं त्यांचं लक्ष तिकडे न्यायची. सापडली की ते "बघा बुवा!" म्हणायचे आणि त्यांचा चेहरा उजळायचा. मी हळहळल्यासारखं करायची. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर रोज उष्टं वाढत होते, आणि ते आवडीनं खात होते असं मला वाटत होतं.

मग ती नोकरी आली.

माझी शाळेतली एक मैत्रीण डोंबिवलीला राहायला गेली होती. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशनाला लागून चार चाळी, थोडे बंगले आणि पुढं सगळी भातशेती. पण बिऱ्हाडं भराभर येत होती आणि पोरांना शाळा पुरत नव्हती. एका चाळीच्या तीन खोल्यांत नवी मराठी शाळा निघाली होती, तिथे मुलींच्या वर्गाला शिकवायला मॅट्रिक झालेली बाई हवी होती. मैत्रीण मुद्दाम कल्याणला येऊन सांगून गेली. "सोमवारपर्यंत अर्ज घेऊन ये," म्हणाली. "गणित शिकवणारी बाई त्यांना मिळत नाहीये. तुला डोळे झाकून घेतील."

मला ती नोकरी किती हवी होती ते आज सांगायलाही लाज वाटते. लग्नाला अडीच वर्षं होत आली होती, मूल नव्हतं, आणि त्यावरून सासूबाईंचे उपास माझ्यामागे लागले होते. सकाळी पाणी, दुपारी निवडणं-टिपणं, संध्याकाळी हरणं. मला वाटायचं, एका वर्गात जावं, चाळीस मुलींनी "बाई आल्या" म्हणून उभं राहावं, आणि मी फळ्यावर भागाकार मांडावा. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बाकी उरणारे भागाकार मनात घालायची, मुलींना ते कसे समजावून सांगायचे त्याचा विचार करत.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी मामंजींना विचारलं. सासूबाई तिथेच होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "सून नोकरीला जाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मुलाचं भागत नाही म्हणतील." मामंजींनी डबी काढली. झाकणावर बोट आपटलं.

"उद्या दुपारी," म्हणाले. "पटावर ठरवू."

मी मनात म्हटलं, ठरलं. मी रात्रीच अर्ज लिहून काढला, चांगल्या अक्षरात, आणि मोहऱ्यांच्या डब्याखाली ठेवला.

रविवारी दुपारी पट अंथरला. मामंजी तांबड्या बाजूला, मी हिरव्या. सासूबाई डाव बघायला कधी बसत नसत. त्या दिवशी मात्र सूप घेऊन उंबऱ्याशी येऊन बसल्या. मला त्याचं नवल वाटलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं काम सोपं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट मागायची तर हरणंही तसंच भारदस्त हवं होतं.

पहिल्या दहा चाली मी नेटानं खेळले. मामंजींचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. ना गुणगुणणं, ना "बघा बुवा". मधूनच पटाऐवजी माझ्याकडे बघायचे. मी डावीकडच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे फट ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. मी आणखी मोठी ठेवली. तिथे ते फिरकलेच नाहीत. उलट त्यांनी आपला वजीर उचलला आणि आणून ठेवला तो थेट माझ्या घोड्याच्या तोंडाशी. पाठीमागे जोर नाही, काही नाही. चार दिवस खेळायला शिकलेलं पोरगंसुद्धा वजीर असा ठेवणार नाही.

मला वाटलं, म्हातारा थकला. मला त्यांची कीवही आली. वजीर घेतला असता तर डाव तिथेच संपला असता, मी जिंकले असते, आणि सोमवारी सकाळी कुणाच्या तरी छातीत दुखलं असतं. मी वजीर पाहिलाच नाही असं दाखवलं आणि कडेच्या एका प्याद्यावर बोट ठेवलं.

"बघून चाल," मामंजी म्हणाले.

ते डावात असं कधी बोलत नसत. मी म्हटलं, "हात लागला, मामंजी." आणि प्यादं एक घर पुढं सरकवलं.

त्यांनी वजीर मागं घेतला. चार चालींनंतर पुन्हा आणला, या वेळी माझ्या हत्तीच्या रांगेत. तोच तो, दातानं कुरतडलेला हत्ती. मधे एकही मोहरं नाही. मी राजा हलवला. त्यासाठी काहीतरी निमित्त लागतं म्हणून मी कपाळाला आठ्या घालून बराच वेळ दुसऱ्याच कोपऱ्याकडे बघत बसले होते. इतकं अवघड हरणं मी कधी हरले नव्हते. मनातून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. हे सांगताना आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी माझा राजा असा उघडा पडला की मात सोडून मामंजींना दुसरी चालच उरली नाही. तरी ते दोन-तीनदा नुसता शह देत इकडेतिकडे फिरले. मग त्यांनी हत्ती ठेवला. "मात," अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

मी खाली मान घालून 'पण'ची वाट बघत बसले.

"हरलीस," ते म्हणाले. डबी उघडली, तपकीर न घेताच मिटली. उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर निघून गेले.

सासूबाई सूप घेऊन उठल्या. "पटानं सांगितलं," म्हणाल्या. "आता पुन्हा तो विषय नको."

मी मोहऱ्यांपुढे किती वेळ बसले होते कोण जाणे. चहाची वेळ टळून गेली होती. यांना रात्री सांगितलं, तर हे म्हणाले, "बाबांनी डावावर ठरवलं होतं ना? मग तू नीट खेळायचं होतंस." यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. कुणाला काय सांगणार? मी मुद्दाम हरले असं सांगायचं, तर दोन वर्षं सासऱ्यांची फसवणूक केली असं व्हायचं. खरंखुरं हरले म्हणायचं, तर मग तक्रार कसली? सोमवार आला आणि गेला. अर्ज डब्याखालीच राहिला. गुरुवारी मैत्रिणीचं पत्र आलं, की तू का आली नाहीस, त्यांनी दुसऱ्या बाई घेतल्या.

पुढच्या रविवारी मामंजींनी विचारलं, "मांडतेस?"

मांडला. आणि ठाण्याच्या त्या खोलीत अकराव्या वर्षी खेळले होते तशी खेळले. दोन वर्षांत पहिल्यांदा. पाच चालींनंतर मी देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि माझ्या एका प्याद्याच्या डोक्याला ठिपका लावला. जुने खेळणारे असं करत: हे प्यादं, ह्यानंच तुमच्या राजावर मात करणार, असं आधी सांगून टाकायचं. प्याद्यानं मात होणं म्हणजे समोरच्याची सगळ्यात मोठी नाचक्की. सुनेनं सासऱ्यांसमोर असा ठिपका लावलेला कल्याणात कुणी पाहिला नसेल. मी त्यांचं एक एक मोहरं खाल्लं, सावकाश, राग निवेपर्यंत. तो निवला नाही. मग कुंकवाचं प्यादं पुढं सरकवलं आणि म्हटलं, "मात."

ते बराच वेळ बघत बसले. माझे वडील बसले होते तसेच.

"हे गेल्या रविवारी का नाही खेळलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नेहमीसारखं 'पण जा' म्हणाल असं वाटलं."

"या खेपेला 'पण' म्हणायचं नाही, असं तुझ्या सासूनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. शनिवारीच. हरली तर नाही म्हणजे नाही. जिंकली तर मात्र घरात कुणी ब्र काढायचा नाही. मी म्हटलं, कबूल. तू जिंकणार हे मला ठाऊकच होतं."

"कशावरून ठाऊक होतं?"

"तुला बघायला आलो तेव्हा उंट सोडलास. त्या दिवसापासून ठाऊक आहे." त्यांनी मेलेल्या मोहऱ्यांतून आपला वजीर शोधून काढला आणि तळहातावर धरला. "हा तुला दिला होता. दोनदा दिला. घेतला नाहीस."

मी एवढंच बोलले, "मामंजी, मला आधी सांगितलं का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तो डाव कसला?"

मी पट गोळा केला. मोहऱ्यांसकट, तसाच, पासोडीच्या चार टोकांची गाठ मारून, आणि ट्रंकेच्या तळाशी टाकला. पुन्हा काढणार नाही असं ठरवलं.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, म्हणजे सासरे मनानं चांगलेच होते की. होते ना. म्हणूनच तर जास्त राग येतो. दुष्ट माणसाकडून काही गेलं तर गेलं म्हणता येतं. इथे घरात त्यांच्या मनात 'जा' होतं, माझ्या मनात 'जाऊ द्या' होतं, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून लाकडाची खेळणी सरकवत होतो. तोंडानं दोन अक्षरं बोलायला त्यांना काय झालं होतं? आणि मला तरी काय धाड भरली होती? "मला जायचंय, मला हे हवंय," असं मी त्या घरात एकदाही म्हटलं नाही. मीही पटाच्या आडच बसले होते. वडिलांवर राग आहे तो वेगळाच. त्यांनी मला खरं खेळायला शिकवलं आणि ऐन वेळी खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला आणि नोकरीचं नाव निघणं बंद झालं. मैत्रीण कधी भेटली की त्या शाळेचं सांगायची: तीन खोल्यांच्या सहा झाल्या, मग स्वतःची इमारत झाली. माझ्या जागी गेलेल्या बाई गणित बरं शिकवतात असंही तिनं एकदा सांगितलं. मी विषय बदलला.

मामंजी त्यानंतर पाच-सहा वर्षं होते. वकिलांशी खेळायचे, माझ्याशी नाही. मीही पट काढला नाही. शेवटच्या आजारात त्यांना बसवत नसे, उशांना टेकून असायचे. एका दुपारी मी औषध द्यायला गेले तर म्हणाले, "तुझा तो पट आहे का गं?"

मी ट्रंकेच्या तळातून गाठोडं काढलं. गाठ इतकी घट्ट झाली होती की दातानं सोडवावी लागली. त्यांच्या पांघरुणावर पट अंथरला, मोहरी मांडली. एका प्याद्यावर कुंकवाचा डाग अजून होता. त्यांनी वजीर उचलला. पहिल्या चालीला वजीर उचलत नाहीत, त्याला पुढं वाटच नसते. ते तो नुसता धरून होते.

मी म्हटलं, "मामंजी, काय सांगायचं असेल ते तोंडानं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि थांबले. बाहेर रहाटाचा आवाज येत होता, सासूबाई पाणी ओढत होत्या. ते पुन्हा पटाकडे बघायला लागले. मग वजीर होता त्या घरात नीट ठेवला.

"चहा टाक जरा," म्हणाले.

मी उठले आणि चहा टाकला.